जेबीएलवाल्या लॅन्सिंगचं करिअर खरं कसं होतं, आणि तुझी वही कोण लिहितं?

प्रश्न थोडक्यात असा की वय 27, डिप्लोमा झालाय, इचलकरंजीत एका साऊंडवाल्याकडे सहा वर्षं काम केलंय, कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) स्वतः गुंडाळतो, प्लायचे बॉक्स स्वतः कापतो, लोक म्हणतात तुझ्या बॉक्सचा बेस कंपनीपेक्षा भारी, तर नोकरी सोडून स्वतःच्या नावाचा ब्रँड काढू का, जेबीएल स्पीकर कंपनीवाल्या लॅन्सिंगने पण असंच शून्यातून उभं केलं ना, त्याचं करिअर कसं झालं जरा सांगा.

मी मिरजेत 1996 पासून स्पीकर दुरुस्ती आणि बॉक्स बनवायचं काम करतो, मधली दोन वर्षं बंद होतं (का ते खाली येईलच), आणि लॅन्सिंग हा माझ्या आवडीचा माणूस आहे त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

भावा, पहिली गोष्ट म्हणजे लॅन्सिंगने जेबीएल फक्त तीन वर्षं चालवली. 1946 च्या ऑक्टोबरात काढली आणि 1949 च्या सप्टेंबरात तो गेला, वय 47, कंपनी कर्जात, त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. आज गणपतीत प्रत्येक दुसऱ्या भिंतीवर जे तीन अक्षरांचं स्टिकर दिसतं (त्यातली निम्मी स्टिकरं खोटी, तो वेगळा विषय) ते मोठं झालेलं त्याने बघितलंच नाही. आणि हा माणूस काही नवशिका नव्हता, त्याआधी वीस वर्षं याच धंद्यात होता, अमेरिकेत त्याच्या तोडीचे स्पीकर बनवणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच असतील. म्हणून त्याचं करिअर नीट समजून घे, कारण तू जे विचारतोयस त्याचं उत्तर त्याच्या कॉइलमध्ये कमी आणि त्याच्या भागीदारात जास्त आहे.

मूळ नाव जेम्स मार्टिनी. जन्म 1902 चा, इलिनॉय राज्यातला, चौदा भावंडांतला नववा, वडील कोळशाच्या खाणीत इंजिनिअर. पोरगा लहानपणापासून रेडिओच्या नादाला लागलेला, पुढे मोटार मेकॅनिक म्हणून काम केलं, मग सॉल्ट लेक सिटीला गेला आणि तिथे त्याला केन डेकर नावाचा माणूस भेटला. हे नाव लक्षात ठेव. दोघं लॉस एंजेलिसला आले आणि 1927 च्या मार्चमध्ये लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, त्याच सुमाराला याने नावही बदलून जेम्स बुलो लॅन्सिंग करून घेतलं. कामाची वाटणी साधी होती, लॅन्सिंग बनवणार आणि डेकर धंदा बघणार. सुरुवातीला काय बनवत होते तर घरातल्या रेडिओच्या कपाटात बसणारे 6 आणि 8 इंची स्पीकर. म्हणजे आपल्याकडे कोणी टीव्हीचे स्पीकर बदलून द्यायच्या कामावर दुकान उभं करतं ना, तसंच. पण त्यावर भाडं निघत होतं, पगार निघत होते.

नशीब उघडलं ते सिनेमामुळे. बोलपट नवीनच आले होते आणि थिएटरमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या सिस्टीम होत्या. एमजीएम स्टुडिओचा साऊंडचा प्रमुख डग्लस शिअरर, त्याला तो आवाज पटेना. त्यातला एक किस्सा आपल्या लोकांना लगेच कळेल असा आहे. एलिनॉर पॉवेल म्हणून टॅप डान्स करणारी नटी होती, तिच्या पायाचा ठेका थिएटरमध्ये दोनदा ऐकू यायचा, टक-टक. का, तर बेसचा कर्णा लांबलचक गुंडाळलेला आणि वरचा आवाज देणारा कर्णा आखूड, त्यामुळे एकच ठोका दोन वेगवेगळ्या वेळी कानावर पडायचा. आवाजाला एक फूट जायला साधारण 1 मिलीसेकंद लागतो, तेव्हा सात-आठ फुटांचा फरक पडला की ताल फाटलाच. आज तू प्रोसेसरवर डिले टाकून (म्हणजे एक आवाज किंचित उशिरा सोडून) टॉप आणि बेस जुळवतोस, तेव्हा प्रोसेसर नव्हता, सुतारकामानेच जुळवायचं. शिअरर आणि त्याचा इंजिनिअर जॉन हिलिअर्ड यांनी नवीन टू-वे सिस्टीम (खालचा आणि वरचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरमधून) करायला घेतली आणि तिच्यासाठी खालचे 15 इंची स्पीकर आणि वरचे ड्रायव्हर (आपण ज्याला युनिट म्हणतो ते) लॅन्सिंगकडून घेतले. सिस्टीम हिट झाली, 1936 च्या कामासाठी ऑस्करवाल्या अकादमीचं तांत्रिक पारितोषिकही मिळालं. आता ते पारितोषिक कोणाच्या नावावर आहे बघ, डग्लस शिअरर आणि एमजीएमचं साऊंड डिपार्टमेंट. बाजारात तिचं नाव पडलं शिअरर हॉर्न. युनिट बनवणाऱ्याचं नाव माहितगारांपुरतं राहिलं. यात कोणी फसवलं असं मी म्हणत नाही, ऑर्डर त्यांची होती, डोकं त्यांचंही होतं. पण तुझ्या बाबतीत हेच चाललंय की, बॉक्स तू बनवतोस आणि बॅनरवर मालकाच्या सिस्टीमचं नाव, त्यामुळे सांगतोय.

त्यानंतर 1937 मध्ये त्याने त्याच सिस्टीमची छोटी आवृत्ती काढली, आयकॉनिक नावाची, स्टुडिओत मॉनिटर (रेकॉर्डिंग ऐकून तपासायचा स्पीकर) म्हणून ठेवता येईल अशी. सगळं चांगलं चाललं होतं. आणि 1939 मध्ये केन डेकर विमान अपघातात गेला.

बाकीच्या गोष्टी एका बाजूला ठेव आणि हे वाच. कारखाना तोच होता. कारागीर, डिझाईन, गिऱ्हाईक, सगळं जागेवर. फक्त पैसे बघणारा माणूस गेला, आणि दोन वर्षांत कंपनी विकायची वेळ आली. 4 डिसेंबर 1941 ला अल्टेकने ती घेतली, सुमारे 50,000 डॉलरला. अल्टेक म्हणजे मुळात थिएटरच्या सिस्टीमची देखभाल करणारे लोक, त्यांना सुटे भाग बनवणारं घर पाहिजे होतं. नाव केलं अल्टेक लॅन्सिंग, आणि लॅन्सिंग तिथे पाच वर्षांच्या करारावर इंजिनिअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट.

आता माझं सांगतो, कारण हे वाचून मला काय झालं ते तुला कळायला पाहिजे. आमच्या दुकानात सुरुवातीची बारा वर्षं उधारीची वही थोरल्या वहिनी लिहायच्या. त्यांना वूफर आणि ट्विटरमधला फरक आजही विचारू नका, पण कोणाचं किती येणं आहे ते तोंडपाठ. पार्टी टेम्पो घेऊन आली की त्या म्हणायच्या, बॉक्स राहू दे खाली, आधी चहा घ्या. चहा होईपर्यंत वही उघडलेली असायची आणि मागची बाकी मिटल्याशिवाय बॉक्स टेम्पोत चढत नसे. मला त्याची लाज वाटायची, खरं सांगतो, म्हणायचो वहिनी गिऱ्हाईक तुटेल. 2008 ला दादाची पुण्याला बदली झाली, वहिनी गेल्या, वही माझ्याकडे आली. मी ती लिहायचो, म्हणजे बिलं मागच्या पानात कोंबून ठेवायचो. 2011 ला एका मोठ्या पार्टीने गणपतीसाठी 24 बेस बॉक्स सांगितले, प्रत्येकात दोन 18 इंची स्पीकर, तिसरा हिस्सा अॅडव्हान्स आणि बाकी विसर्जनानंतर. मी खूष, प्लाय उधार आणला, मॅग्नेट उधार, पोरांना ओव्हरटाइम. विसर्जनात त्याची सिस्टीम पोलिसांनी जमा केली, केस लागली, आणि तो म्हणाला भाऊ माझंच अडकलंय तुला कुठून देऊ. प्लायवाल्याला ते सांगून चालतं का? वाइंडिंग मशीन विकलं, गाडी विकली, शटर खाली. लॅन्सिंगला डेकर गेल्यावर दोन वर्षं लागली, मला तीन. तेवढाच काय तो मी त्याच्यापेक्षा हुशार.

बरं, पुढे. अल्टेकमध्ये लॅन्सिंगने जे काम केलं ते आजही लोक पूजतात. 604 डुप्लेक्स, एकाच फ्रेममध्ये 15 इंची स्पीकर आणि मधोमध कर्ण्याचं युनिट, कित्येक दशकं अमेरिकेतले स्टुडिओ यावर चालले. मग थिएटरसाठी व्हॉइस ऑफ द थिएटर मालिका, 1945 ची. म्हणजे पगार चालू, डोक्याला उधारीचा ताप नाही, आणि माणसाने आयुष्यातलं सगळ्यात भारी काम त्या पाच वर्षांत केलं. हे मी मुद्दाम सांगतोय. नोकरीत राहून चांगलं काम होत नाही हा आपल्याकडचा नवीन समज आहे, मोबाईलवर दिवसभर मोटिव्हेशन ऐकून झालेला.

1946 ला करार संपला आणि तो बाहेर पडला. काढली लॅन्सिंग साऊंड. लगेच अल्टेकने हरकत घेतली, कारण लॅन्सिंग हे नाव त्यांनी विकत घेतलेलं होतं. स्वतःचं आडनाव, आणि तेही स्वतः निवडून घेतलेलं, ते दुसऱ्याच्या मालकीचं! शेवटी जेम्स बी. लॅन्सिंग साऊंड असं पूर्ण नाव लावावं लागलं, आणि त्याचीच आद्याक्षरं म्हणजे जेबीएल. आयकॉनिक हे नावसुद्धा त्याला परत वापरू दिलं नाही. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत जा, तिथे तंबोऱ्याला घराण्याच्या नावावर किंमत येते, ते नाव विकायचं म्हटलं तर म्हातारे काठी घेऊन मागे लागतील.

आणि मग त्याने डी130 बनवला. हा स्पीकर मी हातात घेतलाय. बंद पडलेल्या एका जुन्या थिएटरच्या सामानातून एक जण माझ्याकडे घेऊन आला होता, कोन (स्पीकरचा पडदा) फाटलेला, मधली अॅल्युमिनियमची टोपी चेपलेली, त्याला म्हटलं किती देऊ, तो म्हणाला भंगारवाला सांगेल तेवढे द्या. कॉइल बाहेर काढली आणि घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बघितली. 4 इंच व्यासाची, 1940 च्या दशकात 15 इंची स्पीकरला 4 इंची कॉइल म्हणजे भलतंच होतं. आणि तार गोल नाही, चपटी पट्टी, आणि ती आडवी न गुंडाळता कडेवर उभी करून गुंडाळलेली, पत्त्याच्या कॅटमधली पानं कशी एकाला एक चिकटून उभी राहतात तशी. गोल तार कितीही घट्ट गुंडाळली तरी दोन वेढ्यांच्या मध्ये फट राहतेच, हिशोब केलास तर जवळपास 21 टक्के जागा नुसती हवेला जाते. चपट्या तारेत ती जागा धातूला मिळते, म्हणजे मॅग्नेटच्या त्याच अरुंद फटीत जास्त धातू, म्हणून त्याच वॅटमध्ये आवाज जास्त. तेव्हाचे अॅम्प काही दहा-वीस वॅटचे, त्यामुळे हे फार मोठं होतं. ही युक्ती लॅन्सिंगने शोधली असं लोक सांगतात ते बरोबर नाही, वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या युनिटमध्ये आधीपासून होती, पण ती रोजच्या उत्पादनात आणून, 15 इंचीत बसवून, अल्निको 5 मॅग्नेटवर चालवणं हे त्याचं. मी चपटी तार कडेवर गुंडाळायचा प्रयत्न केलाय, चार दिवस, प्रत्येक वेळी सातव्या-आठव्या वेढ्याला पट्टी आडवी पडायची, बायको म्हणाली आता जेवायला या नाहीतर मी ती तार कचऱ्यात टाकते.

तर एवढं भारी प्रॉडक्ट हातात असताना कंपनी का बुडत होती? कारण डेकर नव्हता. जागा आणि पैसा मार्क्वार्ट नावाच्या विमान-इंजिनवाल्या कंपनीकडून येत होता, नंतर ती कंपनी जनरल टायरने घेतली आणि त्यांना स्पीकरमध्ये काडीचाही रस नव्हता. म्हणजे ज्याच्या जिवावर कारखाना चालतोय तोच बाजूला झाला. माल चांगला, ऑर्डरी थोड्या, देणी वाढत गेलेली. 1949 च्या सप्टेंबरात काय झालं ते वर लिहिलंय, परत लिहीत नाही. एवढंच सांगतो की पैशाच्या टेन्शनमध्ये असशील तर एकट्याने गिळू नकोस, घरी बोल, मित्राशी बोल, देणेकऱ्याशीसुद्धा बोल, प्लायवाला शिव्या देतो पण हप्ते बांधून देतो, मला दिले.

कंपनी कशी वाचली तर विम्याने. लॅन्सिंगचा 10,000 डॉलरचा विमा होता, पैसे कंपनीला मिळाले आणि बिल थॉमसने ते वापरून गाडी रुळावर आणली. बिल थॉमस कोण, मार्क्वार्टचा खजिनदार. हिशोबवाला माणूस! लॅन्सिंगच्या बायकोकडे जो एक तृतीयांश हिस्सा होता तो त्याने विकत घेतला आणि सगळी कंपनी त्याची झाली. डी130 तोच, काही बदललं नव्हतं, पण आता तो गिटारच्या अॅम्पमध्ये गेला, लिओ फेंडरच्या अॅम्पसाठी तर डी130एफ म्हणून वेगळं मॉडेल निघालं. 1954 मध्ये हार्ट्सफील्ड, 1957 मध्ये पॅरागॉन, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातलं लाकडी फर्निचर वाटावं असे स्पीकर. 1969 मध्ये थॉमसने कंपनी सिडनी हार्मनच्या ग्रुपला विकली, आणि हार्मन 2017 पासून सॅमसंगचं आहे, सौदा सुमारे 8 अब्ज डॉलरचा. 1969 चीच अजून एक गंमत, वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात बिल हॅनलीने जी सिस्टीम लावली होती तिच्यात खालचे स्पीकर जेबीएलचे आणि वरचे कर्णे अल्टेकचे. म्हणजे लाखो लोकांसमोर एकाच माणसाच्या दोन्ही कंपन्या एकत्र वाजल्या. अल्टेक लॅन्सिंगचं पुढे काय झालं विचारशील तर आपल्याकडे ते नाव लोकांना कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरवर भेटलं.

कोणी म्हणेल मग अमर बोसचं उदाहरण का नाही देत, आपल्या बंगाली बापाचा पोरगा, 1964 ला कंपनी काढली आणि शेवटपर्यंत ताबा स्वतःकडे ठेवला. दे की. पण त्याचंही नीट बघ, पहिला स्पीकर 2201 म्हणून 1966 ला काढला तो चालला नाही, 1968 चा 901 चालला. मधल्या काळात सरकारी कामं होती, पॉवर कंट्रोलची सर्किटं वगैरे, त्यावर चूल पेटत होती, आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातली नोकरी त्याने सोडलीच नव्हती, पुढे कित्येक वर्षं शिकवत होता.

आता तुझं. तुझ्या बेसबद्दल मला शंका नाही, इचलकरंजीचे लोक उगाच कौतुक करत नाहीत. मला तीन गोष्टी कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. जून ते ऑगस्ट काय खाणार? आपल्या धंद्यात गणपती, नवरात्र, लग्नसराई, यात्रा आणि जयंत्या, बाकी पावसाळाभर शून्य. लॅन्सिंगचे ते रेडिओचे 6 इंची स्पीकर आठव, तुझं तसं काम म्हणजे रिपेअरिंग. कोन बदलणं, कॉइल जळालेली भरणं, शाळा-देवळांचे कर्णे, यात नाव होत नाही पण रोख मिळतं. ब्रँड काढलास तरी हे काम पाच वर्षं तरी सोडू नको.

दुसरं, नाव. बॉक्सवर दुसऱ्याचं स्टिकर लावून विकायचं असेल तर मला पुढे विचारूच नको. स्वतःचं नाव ठेवणार असशील तर क्लास 9 मध्ये ट्रेडमार्कचा अर्ज टाक, एकट्या माणसाला ऑनलाइन 4,500 रुपये सरकारी फी आहे, एका हॉर्न युनिटच्या किमतीत काम होतं आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. आणि कोणी पैसेवाला भागीदार आला, येणारच, तर करारात नाव कोणाचं ते आधी लिहून घे. भागी मोडली तर नाव तुझ्याबरोबर जाणार की दुकानात राहणार हे दोघं हसत असताना ठरवायचं असतं.

तिसरं उधारी. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) कर, फुकट आहे. तू उत्पादक म्हणून नोंदलेला असशील तर धंदेवाल्या गिऱ्हाइकाने करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असा 2006 चा कायदा आहे, नाही दिले तर व्याज लागतं. आता यावर मंडळवाला किंवा गावातला साऊंडवाला हसेल हे मलाही माहिती आहे, कायदा दाखवून आपल्याकडे पैसे निघत नाहीत, पण बिलावर उद्यमचा नंबर असला की मोठी पार्टी जरा सरळ वागते. छोट्यांसाठी वहिनींची पद्धत, चहा आधी आणि बॉक्स नंतर.

मी 2013 ला परत सुरू केलं ते वहिनींना फोन करून. त्या आता पुण्यातून बघतात, दर रविवारी रात्री मी वहीच्या पानांचे फोटो पाठवतो आणि सोमवारी सकाळी शिव्या येतात. म्हणून विचारतो, तुझ्या घरात असं कोण आहे? आई, बहीण, बायको, पतसंस्थेत काम करणारा मित्र, कोणीही चालेल, फक्त त्याला तुझ्या बेसचं कौतुक नसलं पाहिजे.

तो डी130 अजून माझ्याकडे आहे, कोन नवीन बसवलाय, कॉइल मूळचीच, आणि वाजतो. एखाद्या रविवारी ये, तासाभराचा रस्ता आहे. येताना तुझा एक बॉक्स आण आणि गेल्या सहा महिन्यांत बाहेरची कामं केलीस त्याचा हिशोब जिथे लिहिलायस तो कागदही आण. कागद आधी बघू.